बंद पाकिटातलं कुंकू

१

पाडव्याला चार दिवस होते. मंडईमागच्या गल्लीत मंदाकिनीबाई भडकमकर हळकुंडं घ्यायला थांबल्या, तेव्हा ओळखीच्या दुकानदाराने काचेच्या पेटीवर एक छोटी बाटली ठेवली.

"बाई, हे बघितलंत? नवीन आलंय. तुमच्यासारखंच आहे अगदी."

बाटलीवर सोनेरी अक्षरांत ‘अरुणरेखा ओलं कुंकू’ असं लिहिलं होतं. मंदाकिनीबाईंनी झाकणाला लावलेला कुंचला मनगटावर ओढला. लाल रेघ आधी ओली चमकली. दोन मिनिटांत तिच्यातलं तेल उडून गेलं आणि मागे उरला कोरडा, पातळ, बोटाने घासूनही न पसरणारा थर. वीस वर्षं त्या नेमकं हेच विकत होत्या.

त्यांच्या वाघोलीच्या शेडमध्ये बारा बायका ‘मंदाकिनी कुंकू’ बनवत. त्याचा आधार होता आयसोडोडेकेन नावाचं एक हायड्रोकार्बन. पाण्यासारखं पातळ, जवळजवळ वास नसलेलं, कातडीला मऊ लागणारं आणि लावताच हवेत विरून जाणारं. शेडमधल्या बायका त्याला सरळ ‘उडतं तेल’ म्हणत. ते कुणालाही पिंपांनी विकत मिळतं. गुपित होतं ते त्यात मेण, राळ आणि एरंडेल किती घालायचं याचं.

मंदाकिनीबाईंनी बाटली तपासायला दिली. आठ दिवसांनी अहवाल आला. मेण शंभरात बारा भाग, राळ सव्वानऊ, एरंडेल पाऊण. सगळे आकडे त्यांचेच, पाव भागाचाही फरक नाही.

त्यांनी देव्हाऱ्यामागची किल्ली घेऊन खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. सगळी कृती लिहिलेला एकमेव कागद दोन वर्षांपूर्वी, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्यांनी पाकिटात घालून बंद केला होता. पाकीट जागेवर होतं. तोंडावर तपकिरी चिकटपट्टी, पट्टीवरून कागदावर उतरणारी त्यांची सही आणि पट्टीच्या टोकावर कुंकवाचा टिळा. कुठे चीर नाही, सुरकुती नाही.

म्हणजे कृती कागदावरून गेली नव्हती, कुणाच्या तरी डोक्यातून गेली होती. आणि ती पाठ असलेली डोकी दोनच. एक त्यांचं स्वतःचं. दुसरं सोजरबाईचं. चौदा वर्षं तीच मिश्रण कालवत होती.

मंदाकिनीबाईंनी फोन उचलला.

"सोजर, उद्यापासून कामावर येऊ नकोस. का ते तुला माहीत आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

२

मथुराबाई लेले कोथरूडला मंदाकिनीबाईंच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर राहत. सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं विषं, शाया आणि खोट्या सह्या तपासल्या होत्या. आता वय बहात्तर. सोसायटीच्या सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या की चिटणीस आपोआप पाणी प्यायचे.

"पोलिसांत तक्रार द्यायची आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सोजरनेच कृती फोडली, असं तुम्ही शास्त्रीय भाषेत लिहून द्या."

"आधी पुरावा सापडतो, मग आरोपी. तुमचं उलटं झालंय. पण बसा, पाकीट दाखवा."

मथुराबाईंनी भिंग काढलं. पट्टी पाहिली, सही पाहिली, मग टिळ्यावर त्यांचं भिंग थांबलं.

"हा टिळा कशाचा?"

"आपल्याच कुंकवाचा. अनामिकेने लावला. ऑपरेशनला जाताना म्हटलं, देवाचं नाव घेऊन ठेवावं. कपाटाच्या दारालाही आतून लावला, त्याच बाटलीतला." त्या जरा थांबल्या. "यजमान गेल्यावर लोकांनी विचारलं होतं, अजून कुंकू कसं लावता? म्हटलं, बाटलीवर नाव माझं आहे, कपाळही माझंच आहे."

"बरोबर बोललात. चला, ते दार दाखवा."

कपाटाच्या दारावरचा टिळा काळपट पडला होता आणि वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखा बारीक बारीक तडकला होता. मथुराबाईंनी पाकीट त्याच्या शेजारी धरलं. पाकिटावरचा टिळा गुळगुळीत होता. एकही तडा नाही.

"एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, एकाच बोटाने लावलेत म्हणता. मग एक दोन वर्षांनी म्हातारा झाला आणि दुसरा झाला नाही, हे कसं?"

मंदाकिनीबाईंनी दोन्ही टिळे पुन्हा जवळून पाहिले.

"हे पाकीट उघडलं गेलं आहे," मथुराबाई म्हणाल्या.

"अहो, पण पट्टी शाबूत आहे. सहीची एक रेघसुद्धा हललेली नाही!"

"तेच तर मला आवडलंय."

३

घरात मंदाकिनीबाईंखेरीज मुलगा आणि सून. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. सून नीरजा रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, दीड वर्षापासून वाघोलीच्या शेडचं काम बघणारी. मथुराबाईंनी तिला जिन्यातच गाठलं.

"तू एम.एस्सी., आणि सासूबाई तुला कृती सांगत नाहीत. राग येत असेल."

"इरिटेट होतं, खोटं कशाला बोलू? क्वालिटीची जबाबदारी माझी आणि फॉर्म्युला कपाटात! पण आई पुढच्या वर्षी देणार म्हणाल्यात."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. गणपतीत सगळ्यांसमोर बोलल्या त्या."

"शेडमध्ये कृतीत काही बदल केलात तुम्ही?"

नीरजाचा हात कठड्यावर आवळला गेला. "नाही. म्हणजे... काही नाही. सॉरी काकू, मला मीटिंग आहे."

ती दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली. मीटिंग बहुतेक जिन्याच्या तळाशीच असावी, कारण गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई वाघोलीला गेल्या. शेडमध्ये बायका मान खाली घालून बाटल्या भरत होत्या. सोजरबाईची चौकी रिकामी होती. गोदाम सांभाळणारा जयसिंग पिंपांना टेकून उभा होता. या नव्या म्हाताऱ्या बाईवर त्याचा काडीचा विश्वास दिसत नव्हता.

"तपासायला आलाय जणू. काय तपासणार? सोजरमावशी चोर न्हाय."

"मग कोण आहे?"

"ते मला काय ठावं? मी माल देतो आन् घेतो."

"काय काय देता?"

त्याने बोट दाखवत सांगितलं. उडतं तेल, राळ, रंग, मेणाची पोती. "उडतं दर महिन्याला दोन पिंपं. मेण आदी तीन पोती लागायचं. आता दोनच."

मथुराबाई वळल्या. "आता म्हणजे कधीपासून?"

"सव्वा वरीस झालं की."

"कुंकू कमी बनतं का आता?"

"कमी कशानं? तेवढंच बनतंय."

मथुराबाईंनी मनात हिशोब केला. तीन पोत्यांची दोन झाली, म्हणजे बारा भागांचे आठ. आणि ‘अरुणरेखा’मध्ये मेण पुरतं बारा भाग होतं.

४

सोजरबाईचं घर शेडपासून दहा मिनिटांवर, जुन्या गावठाणात. दोन्ही बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. मधल्या चिंचोळ्या अंगणात ती ज्वारी पाखडत होती. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत. तिने सूप थांबवलं नाही.

"पोलिसाकडनं आलाय का?"

"नाही. मेणाकडून आले. बाराचं आठ का केलंत?"

सूप थांबलं.

"कुणी सांगितलं?"

"पोत्यांनी. सोजरबाई, तुमची चौदा वर्षं पणाला लागली आहेत आणि तुम्ही गप्प. हे एक वाक्य मंदाकिनीबाईंना फोनवर सांगितलं असतंत, तर त्यांना विचार करावा लागला असता."

सोजरबाईने दाराकडे पाहिलं, मग आभाळाकडे. बोलली ती सुपाकडे बघून.

"सूनबाईला शब्द दिलाय म्या. थंडीत आन् कडक उन्हात आपलं कुंकू सांजच्याला तडकायचं. बायका तक्रार करायच्या. बाईस्नी सांगितलं तर म्हनायच्या, माझ्या किरतीला हात लावायचा न्हाय. मग सूनबाई आन् म्या मिळून मेण कमी केलं. सात करून बघितलं, नऊ करून बघितलं, आठाला जमलं. बाईंचं गुडघं दुखायचं, त्या शेडात येत न्हवत्या. सूनबाई म्हनली, मावशी, आईंना कळलं तर मला घराबाहेर काढतील. म्या म्हनलं, माझ्या तोंडातनं जायचं न्हाय."

"आणि तुमच्यावर चोरीचा आळ आला तरी?"

"शब्द दिल्याला हाय." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पर म्या चोरलं असंल असं बाईंच्या मनात आलंच कसं? त्यांच्या ऑपरेशनला आठ दिस म्या त्यांच्या उशाशी हुते."

मथुराबाईंनी सुपाबाहेर सांडलेले ज्वारीचे दाणे उचलून सुपात टाकले.

"आणखी कुणाला ठाऊक होतं, मेण कमी केलेलं?"

"शेडातल्या समद्यांला. जयसिंगला. लपवायचं हुतं ते निस्तं कोथरूडच्या घरापास्नं."

५

मंदाकिनीबाईंचे धाकटे दीर श्यामसुंदर सदाशिव पेठेत राहत. वीस वर्षं ते पिशवी घेऊन दुकानोदुकानी कुंकू पोचवत होते. मथुराबाई गेल्या तेव्हा ते दिवाणखान्यात जमिनीवर बसून कुंकवाच्या खोक्यांवर नवीन पत्त्याची लेबलं चिकटवत होते. बाजूला रद्दीत जुनी, काढलेली लेबलं पडली होती.

"या, या. वहिनींनी तपास सुरू केलाय म्हणे. चहा घेणार, की जबानीनंतर?"

"आधीच द्या. जबानीनंतर तुमचं मन बदलेल."

ते हसले. सोजरबाईबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. गरीब माणूस, कुणीतरी आमिष दाखवलं असणार, असं त्यांचं मत होतं. नीरजाबद्दल मात्र त्यांनी आवाज खाली आणला. "मुलगी हुशार आहे. जरा जास्तच. घरात कपाट, हातात एम.एस्सी. मी काही म्हणत नाही हं."

"तुम्ही शेडमध्ये जाता का?"

"छे हो. पाच वर्षांत गेलो नसेन. मी आपला विकणारा माणूस. ते जे काय तेल असतं ना, त्याचं नावही मला उच्चारता येत नाही. कधी हातात धरलेलं नाही."

मथुराबाईंनी एक खोकं उचललं. जाड चकचकीत कागदाचं, लाल छपाईचं. जुनं लेबल जिथे होतं तिथे आता काहीच नव्हतं. गोंदाचा डाग नाही, कागद फुगलेला नाही, छपाईची चकाकी तशीच.

"छान निघालंय. कशाने काढता?"

"गरम पाण्याचं फडकं. पाच मिनिटं ठेवायचं, आपोआप सुटतं."

"असं का? मी घरी करते तेव्हा कागदाचा लगदा होतो." त्यांनी खोकं पिशवीत टाकलं. "हे नेते. शिकायला."

श्यामसुंदर हसत होते, पण त्यांची नजर त्या पिशवीवरून हलली नाही. मथुराबाई दारापर्यंत पोचल्या तरी ते चहा आणायला उठले नव्हते.

६

रविवारी दुपारी मंदाकिनीबाईंच्या दिवाणखान्यात नीरजा, श्यामसुंदर आणि जयसिंग बसले होते. मंदाकिनीबाईंनी सकाळीच एका रिकाम्या पाकिटावर तशीच पट्टी लावून, तशीच सही करून, नव्या कुंकवाचा टिळा लावून ठेवला होता. मथुराबाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून औषधाची ड्रॉपरची बाटली काढली.

"बाटलीत उडतं तेल आहे. बघा फक्त."

त्यांनी पट्टीवर थेंब सोडले. तपकिरी कागद ओला होऊन गडद झाला. सही जागची हलली नाही, कारण बॉलपेनची शाई या तेलात विरघळत नाही. टिळा मात्र सैल झाला आणि कापसाच्या एका फटक्यात पुसला गेला, कारण तो त्याच तेलात बनलेला होता. मथुराबाईंनी पट्टीचं टोक नखाने उचललं. ती न फाटता, सालीसारखी निघाली. पाकीट उघडलं. त्यांनी ते पुन्हा मिटलं, पट्टी जागेवर बसवली, सहीच्या रेघा जुळवून दाबली आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

दहा मिनिटांनी पट्टी कोरडी होती. डाग नव्हता, वास नव्हता. गोंदाने पुन्हा घट्ट धरलं होतं.

"तेल उडून गेलं आणि पुरावाही. फक्त टिळा पुन्हा लावावा लागला," त्या म्हणाल्या. "चोराने ताज्या बाटलीतला लावला. त्याला वाटलं, कुंकू ते कुंकू. पण मूळ टिळा बारा भाग मेणाचा होता आणि तो तडकायला हवा होता. हा आठ भागांचा, तो तडकत नाही."

"आठ?" मंदाकिनीबाई ताठ झाल्या. "आठ कसे?"

नीरजा उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी केले, आई. सोजरमावशींनी आणि मी. सव्वा वर्ष झालं. तुम्ही तो रिपोर्ट मला दाखवला असता ना, तर मी त्याच मिनिटाला सांगितलं असतं की हे आपले आताचे आकडे नाहीत."

मंदाकिनीबाईंनी टेबलावरचं पाकीट बाजूला सरकवलं.

"तर आता असं," मथुराबाई म्हणाल्या. "जिला कृती पाठ आहे तिला पाकीट उघडायची गरज नाही. सोजरबाई सुटल्या. नीरजाला ठाऊक होतं की कागदावरची कृती तडकते. असला नासका माल ती कुणाला विकणार नाही. जयसिंगलाही पोत्यांवरून ठाऊक होतं. ‘अरुणरेखा’वाल्यांना मात्र जुनीच कृती मिळाली. गेला आठवडा दुकानदार त्यांच्या बाटल्या परत करताहेत, कपाळावर भेगा पडतात म्हणून. म्हणजे चोराने कागदावर विश्वास ठेवला. या घरात येणारा, कपाटाची किल्ली कुठे असते हे माहीत असलेला, आणि शेडमध्ये कधीच पाय न ठेवणारा माणूस."

कुणी श्यामसुंदरांकडे पाहिलं नाही. त्यामुळेच सगळ्यांना कळलं.

"वा," श्यामसुंदर म्हणाले. "तर्क उत्तम. पण मला त्या तेलाचं नावसुद्धा येत नाही, हे मी सांगितलंय."

मथुराबाईंनी लाल खोकं टेबलावर ठेवलं. "गरम पाण्याच्या फडक्याने कागदावरचं लेबल असं निघत नाही. जयसिंग, उडतं तेल शेडबाहेर कुणाला देता?"

जयसिंग गोंधळला. "बाहेर कुनाला न्हाय. श्यामभाऊच नेतात, महिन्याला बाटलीभर. खोक्यावरची लेबलं काढायला. त्यांचा मानूस येतो न्यायला. का? त्यात काय हाय?"

श्यामसुंदरांनी खोकं टेबलावर सरळ करून ठेवलं. मग ते वहिनींकडे वळले, आणि त्यांच्या आवाजातली थट्टा पार गेली होती.

"वीस वर्षं पिशवी मी वाहिली, वहिनी. उन्हात, पावसात. बाटलीवर नाव तुमचं. दादा गेल्यावर वाटलं होतं, एकदा तरी विचाराल. गणपतीत सगळ्यांसमोर म्हणालात, कृती नीरजाला देणार. मी तिथेच प्रसादाची ताटं उचलत होतो. ‘अरुणरेखा’वाल्यांनी मला पाटीवर नाव देऊ केलं. भागीदार म्हणून."

"मागितलं असतंत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"दिलं असतंत?"

खोटं बोलणं मंदाकिनीबाईंना जमलं नाही.

"आणि सोजरला मी काढलं, तेव्हा?" त्यांनी विचारलं. "तेव्हा गप्प बसलात?"

श्यामसुंदर उठले, चपला घातल्या. जिन्यात त्यांची पावलं एकदा थांबली, मग उतरत गेली.

७

मंदाकिनीबाईंनी रिक्षा केली ती सरळ वाघोलीला. नीरजा आणि मथुराबाई बरोबर होत्या. दुखऱ्या गुडघ्याने त्या गावठाणाच्या बोळातून भिंतीला धरून चालल्या. सोजरबाई उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही.

"सोजर, चुकलं माझं."

"हां."

"उद्यापासून ये. पगार वाढवते."

"न्हाय यायचं."

मंदाकिनीबाई उन्हात उभ्याच राहिल्या. नीरजा पुढे झाली, तर मथुराबाईंनी तिचा दंड धरून मागे ओढलं.

"तुमच्या कागदावर जे हाय ते तडकतंय," सोजरबाई शांतपणे म्हणाली. "त्ये आता त्या अरुणरेखावाल्यांपाशी बी हाय. न तडकणारं हाय ते माझ्या डोस्क्यात. मेण आठ, पर राळ किती वाढवली, कवा घातली, किती ऊन करून घातली, हे सूनबाईला बी पुरतं ठावं न्हाय." तिने मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "चौदा वरसं म्या पगारावर काम केलं. एका फोनवर गेलं. आता पगारावर न्हाय करायची. वाटा पायजे. लिहून."

"किती?"

"चार वाटं करा. माझा एक आन् बाकीच्या जनींचा मिळून एक. दोन तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे निम्मा!"

"हां, निम्मा."

मंदाकिनीबाईंनी मथुराबाईंकडे पाहिलं. मथुराबाई गावठाणावर वाकलेल्या इमारतींचे मजले मोजत होत्या.

शेवटी मंदाकिनीबाई भिंतीचा आधार घेत, गुडघ्याला हाताने दाबत, सोजरबाईच्या उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसल्या.

"नीरजा," त्या म्हणाल्या, "वही काढ. आधी वाटा लिही. मग ती सांगेल ते."